मनातलं ओळखणारा हिरो आणि बीडीएसएमच्या कादंबऱ्या

मागच्या महिन्यात रात्री साडेबाराला एका मैत्रिणीचा मेसेज आला, "अगं, असं खरंच असतं का?" ती पहिल्यांदाच इरॉटिक रोमान्स वाचत होती आणि हिरो हिरोईनसमोर करारपत्र ठेवतो त्या पानावर अडकली होती. मी उत्तर टाइप करायला घेतलं आणि पाऊण तासाने लक्षात आलं की हे मेसेजमध्ये मावणारं नाही, म्हणून सगळं नीट लिहून काढतेय. आधीच सांगते, मी या कादंबऱ्या बारा-तेरा वर्षं आवडीने वाचतेय आणि त्या वाचणाऱ्या बायकांची टिंगल करणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत, तेव्हा 'असलं काही वाचू नका' असं मी सांगणार नाहीये.

आधी शब्द. बीडीएसएम ही इंग्रजी आद्याक्षरं आहेत, त्यात बांधणं येतं, शिस्त आणि शिक्षा येते, एकाने सूत्रं हातात घ्यायची आणि दुसऱ्याने ती सोपवायची हे येतं, आणि वेदना देण्या-घेण्यातलं सुख येतं. सूत्रं घेणारा तो डॉम, सोपवणारा तो सब, दोन्ही आवडणारा स्विच. एका वेळचा जो काही प्रकार ठरवून होतो त्याला सीन म्हणतात, आणि हा शब्द लक्षात ठेवा कारण पुढचं बरंचसं त्याच्यावरच येणार आहे. सीनला सुरुवात असते आणि शेवट असतो. सीन संपला की डॉम म्हणजे परत नेहमीचा माणूस, ज्याला तुम्ही सांगू शकता की ओला टॉवेल पलंगावर टाकू नकोस.

आता माझा मुख्य मुद्दा. रोमान्स कादंबरीचा जीव कशात असतो? हिरोला तिच्या मनातलं न सांगता कळतं यात. तिने ओठ चावला की त्याला कळतं, ती गप्प बसली की त्याला कळतं, तिला स्वतःला जे हवंय हे माहीत नसतं तेसुद्धा त्याला आधी कळतं, आणि आपण वाचणाऱ्या तिथेच विरघळतो कारण आयुष्यात कुणीतरी न सांगता ओळखावं ही भूक खरीच आहे. आणि बीडीएसएम करणारी माणसं नेमक्या उलट गोष्टीवर उभी असतात: सांगितल्याशिवाय काहीही कळत नाही, आणि कळलंय असं समजून पुढे जाणं हाच सगळ्यात मोठा धोका. ही दोन तत्त्वं एका पुस्तकात बसवायला गेलं की कशाचा तरी बळी जातो, आणि बहुतेक वेळा तो बोलण्याचाच जातो. मला या कादंबऱ्यांमध्ये ज्या ज्या गोष्टी खटकतात त्यातल्या बहुतेक शेवटी इथेच येऊन पोचतात.

हे समजायला 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' घ्यावंच लागेल, कारण लोकांच्या डोक्यातलं चित्र तिथूनच आलंय. ई. एल. जेम्स यांनी ती मुळात एका व्हॅम्पायर प्रेमकथेची फॅनफिक्शन, म्हणजे चाहत्याने त्याच पात्रांवर रचलेली गोष्ट, म्हणून इंटरनेटवर भागाभागाने लिहिली, २०११ मध्ये एका छोट्या ऑस्ट्रेलियन प्रकाशनाने ती ई-बुक म्हणून आणि मागणीनुसार छापून काढली, २०१२ मध्ये मोठ्या प्रकाशकाने उचलली आणि २०१४ पर्यंत तीन पुस्तकांच्या मिळून १० कोटींवर प्रती गेल्या होत्या. ई-रीडरचा यात मोठा हात होता, कव्हर कुणाला दिसत नाही म्हटल्यावर ट्रेनमध्ये शेजारी कोण बसलंय याची फिकीर उरत नाही. पण हे सगळं तिथे सुरू झालं नाही. लेओपोल्ड फॉन साखर-माझोख या लेखकाची 'व्हीनस इन फर्स' १८७० ची, आणि त्याच्याच नावावरून पुढे एका मनोविकारतज्ज्ञाने मेसोकिझम हा शब्द बनवला. १९५४ मध्ये फ्रान्समध्ये 'स्टोरी ऑफ ओ' टोपणनावाने आली, लोकांना वाटायचं लिहिणारा पुरुषच असणार, आणि १९९४ मध्ये आन देक्लो या वयस्कर बाईंनी सांगितलं की ते मी माझ्या प्रियकरासाठी लिहिलं होतं. फरक एवढाच की ती पुस्तकं रोमान्स नव्हती, त्यांना शेवट गोड करायची सक्ती नव्हती. रोमान्सला असते.

रोमान्सच्या बाजूनेही एक इतिहास आहे आणि तो विसरून या पुस्तकांना झोडपणं मला अन्यायाचं वाटतं. १९७२ मध्ये कॅथलीन वुडीविस यांची 'द फ्लेम अँड द फ्लॉवर' आली, प्रचंड खपली, आणि त्यात हिरो सुरुवातीलाच हिरोईनवर जबरदस्ती करतो. त्यानंतर कितीतरी वर्षं असा हिरो चालला, कारण 'चांगल्या' मुलीला स्वतःहून सेक्स हवा असं दाखवता येत नव्हतं, मग तिच्यावर लादलं की तिचा दोषही नाही आणि वाचणारीला सुखही. त्या रांगेत करारपत्र घेऊन येणारा आणि 'तुला काय चालेल, काय नाही' असं निदान कागदावर तरी विचारणारा हिरो ठेवून बघा. हे पाऊल पुढचंच होतं. म्हणून तर लाखो बायकांनी पहिल्यांदाच 'लिमिट' (जे चालणार नाही त्याची सीमा) आणि 'सेफवर्ड' (उच्चारला की थांबायचं असा आधी ठरवलेला शब्द) हे शब्द वाचले.

पण कागदावर विचारणं आणि खरंच विचारणं यात काय फरक आहे ते 'फिफ्टी शेड्स'मध्येच जवळून दिसतं. हिरोईन ॲनाला कराराचा मसुदा मिळतो, ती ई-मेलवर प्रश्न विचारते, काही अटींना नाही म्हणते, इथपर्यंत ठीक. मग हिरो ख्रिश्चन शॅम्पेनची बाटली घेऊन तिच्या घरी येतो, घरात ग्लास नाहीत म्हणून चहाच्या कपात ओततो, आणि कप भरत भरत लिमिटची यादी काढून एकेक गोष्ट तिला विचारत जातो. ती विचारतेसुद्धा की मला दारू पाजतोयस का. प्रसंग गोड लिहिलाय, मलाही वाचताना मजा आली होती. पण ज्या मुलीने आयुष्यात यातलं काहीच केलेलं नाही तिच्याकडून चढलेल्या अवस्थेत होकार घ्यायचा हे बीडीएसएमच्या वर्तुळात कुठलाही जाणता माणूस करणार नाही, आणि केलंच तर बाकीचे त्याच्यापासून लांब राहायला सांगतील.

खरं बोलणं कसं असतं? फार साधं, जवळजवळ डॉक्टरच्या चौकशीसारखं. माझा डावा गुडघा दुखतो, जास्त वेळ गुडघ्यावर बसवू नकोस. मला दमा आहे, पंप त्या कप्प्यात आहे. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, म्हणजे लगेच काळंनिळं होईल. सोमवारी मीटिंग आहे, बाहीच्या बाहेर खूण दिसायला नको. 'मूर्ख' हा शब्द अजिबात नको, घरी लहानपणी ऐकलाय. मला रडू आलं तर थांबू नकोस, पण मी एकदम गप्प झाले तर थांब. हे शेवटचं वाक्य बघा, हे त्या व्यक्तीशिवाय जगात कुणालाच माहीत असू शकत नाही, कितीही प्रेमाने डोळ्यात बघितलं तरी. आणि खरं सांगू का, एक वाचक म्हणून मला यात भरपूर रोमान्स दिसतो. कुणीतरी समोर बसून 'तुझं कुठे दुखतं' हे इतकं बारीक विचारतंय आणि लक्षात ठेवतंय, यापेक्षा जवळीक ती काय असते? पण लेखिका हे पान गाळतात, त्यांना वाटतं वेग जाईल.

कराराचंही तसंच. कादंबरीत तो जाडजूड कायदेशीर कागद असतो, त्यात किती तास झोपायचं, काय खायचं, किती व्यायाम करायचा इथपर्यंत कलमं. प्रत्यक्षात काही जोडपी लिहून घेतात, पण ती एकमेकांना दिलेली चिठ्ठी असते, त्याने काही बांधलं जात नाही. होकार कधीही मागे घेता येतो, सही केली असली तरी. आणि कायदा तर अशा होकाराला काही ठिकाणी अजिबातच मानत नाही: १९९३ मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने एका गाजलेल्या खटल्यात ठरवलं की प्रौढ पुरुषांनी आपसात संमतीने केलेल्या असल्या प्रकारात खरीखुरी इजा झाली तर 'त्याची संमती होती' हा बचाव चालणार नाही. सगळ्यात गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे ॲना त्या करारावर सही करतच नाही, आणि नातं तरी त्यातल्या अटींच्या सावलीतच पुढे सरकत राहतं.

आता त्या सीनच्या शब्दाकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. लोक म्हणतात या पुस्तकात मारहाण आहे म्हणून ते वाईट. मला ते पटत नाही. ख्रिश्चनने या सगळ्यासाठी ठेवलेल्या त्या लाल खोलीत जे होतं त्यातलं बरंचसं निदान विचारून होतं. खोलीच्या बाहेर जे होतं ते कुणीच विचारलेलं नाही. ती बारमधून फोन करते, तर तो फोनवरून ती कुठे आहे ते शोधून काढून तिथे येऊन उभा राहतो. तिची जुनी गाडी विकून टाकतो आणि नवी आणतो. ती नोकरीला लागते, तर ती कंपनीच विकत घेतो. मित्राशी बोलली की कपाळाला आठ्या. याला सीन म्हणता येत नाही, कारण याला शेवट नाही, याची मर्यादा ठरलेली नाही आणि यात थांब म्हणायला शब्द नाही. चोवीस तास डॉम-सब राहणारी जोडपीही असतात, पण तीही काय-काय सोपवलंय हे मोजून ठरवतात आणि अधूनमधून बसून परत तपासतात.

२०१३ मध्ये ॲमी बोनोमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पहिलं पुस्तक प्रकरणाप्रकरणाने तपासलं, अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेच्या व्याख्या हाताशी धरून, आणि त्यांना या दोघांच्या जवळपास प्रत्येक भेटीत मानसिक छळाची लक्षणं सापडली: पाळत ठेवणं, धमकावणं, माणसांपासून तोडणं. त्यावर बरीच टीका झाली, कादंबरीला असं मोजता येतं का वगैरे. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. बीडीएसएम आणि पाळत हे एकाच माणसात, एकाच पॅकेजमध्ये दिलं की वाचणारीला वाटतं दोन्ही एकच आहेत, डॉम म्हणजे असाच असणार. मग एखाद्या मुलीला खऱ्या आयुष्यात फोन तपासणारा भेटला आणि तो म्हणाला 'मी डॉम आहे, मला हक्क आहे', तर तिच्याकडे त्याला उत्तर द्यायला शब्द नसतात. उत्तर खरं तर साधं आहे, हे आपण ठरवलेलं नाही.

पैशाचं पण बोलायला हवं. हिरो अब्जाधीशच का असतो? एक तर स्वप्न म्हणून, मला ते कळतं, ईएमआय नसलेल्या माणसाबद्दल वाचायला बरं वाटतं. पण त्याने एक गोष्ट झाकली जाते. दोन बरोबरीची माणसं ठरवून थोड्या वेळासाठी एकाच्या हातात सत्ता देतात, हा या प्रकाराचा गाभा. जिथे एकाकडे आधीच हेलिकॉप्टर, वकील आणि दुसऱ्याची नोकरी आहे तिथे सोपवायला उरलं काय? प्रत्यक्षात डॉम बायका भरपूर आहेत, सब पुरुष भरपूर आहेत, आणि यातले कितीतरी रिवाज मुळात गे पुरुषांच्या लेदर (चामडी पोशाखावरून ओळखल्या जाणाऱ्या) वर्तुळांतून आणि लेस्बियन गटांतून घडलेले आहेत. 'सुरक्षित, शुद्धीवर आणि संमतीने' हे सूत्र १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गे पुरुषांच्या संस्थेतूनच आलं. पुढे १९९९ च्या सुमारास काहींनी म्हटलं की पूर्ण सुरक्षित असं काही नसतंच, त्यापेक्षा 'धोका ओळखून, संमतीने' म्हणूया, आणि मला हे दुसरं जास्त प्रामाणिक वाटतं.

धोक्यावरून आठवलं, केबल टाय. ॲना हार्डवेअरच्या दुकानात काम करते, ख्रिश्चन तिथे येतो आणि केबल टाय, मास्किंग टेप, दोरी घेतो, वाचकाला कळतं कशाला, अंगावर काटा येतो, प्रसंग मस्त आहे. पण केबल टाय माणसाच्या मनगटावर लावायची वस्तूच नाही. ती एकाच दिशेने सरकते, हात ओढला की आणखी आवळते, पट्टी अरुंद असल्यामुळे सगळा दाब एका रेषेवर येतो, आणि मनगटाजवळ नसा अगदी कातडीखाली असतात. दंडाच्या बाहेरच्या बाजूने जाणारी रेडियल नर्व्ह दाबली गेली तर मनगट लुळं पडतं, हात उचलला तरी पंजा खाली लोंबत राहतो, आणि ते बरं व्हायला आठवडे नाहीतर महिने जाऊ शकतात. नस दाबली जातेय हे नेहमी दुखून कळत नाही, आधी मुंग्या येतात, बोटं बधिर होतात. म्हणून बांधणारी माणसं दोरीखाली बोट जाईल एवढी जागा ठेवतात, अधूनमधून 'माझा हात घट्ट दाब' म्हणून ताकद तपासतात, आणि बँडेज कापायची बोथट टोकाची कात्री हाताशी ठेवतात. बांधलेल्या माणसाला एकटं सोडून तर जातच नाहीत. कादंबरीत हिरो तिला बांधून फोन घ्यायला दुसऱ्या खोलीत जातो. किती पुस्तकांत वाचलंय मी हे! २०१३ मध्ये लंडनच्या फायर ब्रिगेडला जाहीर सांगावं लागलं होतं की हातकड्या वापरत असाल तर किल्ली जवळ ठेवा.

आणि गळा. अलीकडच्या कादंबऱ्यांत हिरोने गळ्यावर हात ठेवणं हे चुंबनाइतकं सहज झालंय, ना बोलणं ना विचारणं. इथे मी अजिबात मऊ बोलणार नाही. गळा दाबण्याची सुरक्षित पद्धत नाही. मेंदूचा रक्तपुरवठा काही सेकंदांत थांबू शकतो, माणूस शुद्ध हरपायच्या आत सेफवर्ड उच्चारू शकेल याची खात्री नसते, आणि परिणाम कधीकधी नंतर दिसतात. बाकी बऱ्याच गोष्टींवर जाणत्या लोकांत वाद असतात, यावर बरेच जण सरळ नाही म्हणतात.

सेफवर्डचं कादंबरीत काय होतं बघा. तो पहिल्या शंभर पानांत ठरतो आणि मग बंदुकीसारखा भिंतीवर टांगलेला राहतो, शेवटी एकदाच उच्चारला जातो, आणि तेव्हा सगळं कोसळतं. म्हणजे वाचणारी शिकते की सेफवर्ड वापरणं म्हणजे हरणं, नातं मोडणं. प्रत्यक्षात लोक ट्रॅफिक सिग्नलचे रंग वापरतात, 'पिवळा' म्हणजे जरा हळू, काहीतरी खटकतंय, 'लाल' म्हणजे बंद, आणि पिवळा अगदी सर्रास वापरला जातो, पायात गोळा आला म्हणून, चेन टोचतेय म्हणून. डॉमसुद्धा तो वापरतो, त्यालाही मध्येच नको वाटू शकतं. तोंड बांधलेलं असेल तर हातात चेंडू किंवा किल्ल्यांचा जुडगा देतात, तो पडला की थांबायचं. आणि सगळी जबाबदारी सबवर टाकत नाहीत, कारण सीनमध्ये खोल बुडालेल्या माणसाला कधीकधी शब्दच आठवत नाही, घाबरलेला माणूस गोठतो. म्हणून डॉम मध्येमध्ये विचारतो, कशी आहेस, एक ते दहात सांग.

सीननंतरची काळजी, जिला आफ्टरकेअर म्हणतात, ती कादंबऱ्यांनी बरीच बरी दाखवलीय, अंघोळ घालणं, ब्लँकेट, कुशीत घेणं. फक्त दुसऱ्या दिवशीचं येत नाही. काही जणांना एक-दोन दिवसांनी अचानक रडू येतं, रिकामं वाटतं, डॉमलाही होतं हे, 'मी असं कसं वागलो' म्हणून. एक फोन त्यासाठी लागतो.

एक गोष्ट मात्र मला खरोखर दुखावते, आणि ती म्हणजे 'बरं होण्याची' कथा. हिरोला हे आवडतं कारण लहानपणी त्याच्यावर अत्याचार झाले, अंगावर सिगारेटचे डाग आहेत, आणि खरं प्रेम मिळालं की हळूहळू ही 'गरज' कमी होते, लग्न, मूल, सुखी शेवट. म्हणजे ज्या गोष्टीच्या जोरावर पुस्तक विकलं त्याच गोष्टीला आजार ठरवून मोकळं व्हायचं. २०१३ मध्ये डच संशोधकांनी ९०२ बीडीएसएम करणारे आणि तुलनेला ४३४ इतर लोक यांना प्रश्नावली दिली, त्यात पहिला गट मानसिकदृष्ट्या खचलेला वगैरे दिसला नाही, काही बाबतींत जास्तच समाधानी निघाला. एका प्रश्नावलीने सगळं सिद्ध होत नाही हे मान्य. पण अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या नियमावलीत ही आवड असणं आणि विकार असणं हे वेगळं केलंय, आणि २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतून संमतीने होणारा हा प्रकार आजार म्हणून काढूनच टाकलाय. ज्यांना हे लहानपणापासून, काहीही वाईट न घडता, आवडतं त्यांना प्रत्येक पुस्तकात 'तू बरा होशील' ऐकायला कसं वाटत असेल.

हे सगळं असूनही मी वाचते. दिवसभर दहा लोकांसाठी निर्णय घेणाऱ्या बाईला, कुणीतरी म्हणावं की आता तू काही ठरवू नकोस, हे वाचायला आवडतं यात चूक काही नाही. शिवाय पुस्तक वाचताना खरी सूत्रं तिच्याच हातात असतात, नको झालं की मिटता येतं. डार्क रोमान्स लिहिणाऱ्या बऱ्याच लेखिका आता पहिल्याच पानावर लिहून देतात की यात काय काय आहे, अपहरण आहे, जबरदस्ती आहे, आणि मला ते जास्त सरळ वाटतं, कारण तिथे 'हेच आदर्श प्रेम' असा दावा नसतो. काही लेखिका तर बोलण्याची पानं न गाळता लिहितात, आणि ती पानं उलट जास्त गरम असतात.

मैत्रिणीने पुस्तक संपवलं, तीही 'फिफ्टी शेड्स'च वाचत होती, आणि परत मेसेज केला, पट्ट्याच्या प्रसंगाबद्दल. पहिल्या भागाच्या शेवटी ॲना स्वतः म्हणते की किती वाईट असू शकतं ते एकदा दाखव, तो पट्टा घेतो, सहा फटके, ती मोजते, आणि मग रडत त्याला सोडून जाते. "तिने मागितलं होतं ना, मग चूक कुणाची?" मैत्रीण विचारत होती. मी तिला म्हटलं, ती तेव्हा आधीच दुखावलेली होती, त्याला हरवायची भीती मनात होती, पहिल्यांदाच हे मागत होती, आणि जाणता डॉम अशा वेळी म्हणतो की आज नाही, आधी बसून बोलू. समजा केलंच, तरी दुसऱ्या फटक्यानंतर थांबून विचारतो. ख्रिश्चन सहाच्या सहा होईपर्यंत काही विचारत नाही. नंतर तिच्या खोलीत दुखण्याची गोळी आणि मलम घेऊन येतो, ते खरं आहे. सेफवर्ड का वापरला नाहीस हे तो तिला दुसऱ्या पुस्तकात विचारतो, आणि ती सांगते की तेव्हा तिच्या डोक्यातच आलं नाही.